छापलेले चार हजार

४ ऑगस्ट २००३, जव्हार

आजची नोंद गंभीर आहे, म्हणून पेनात शाई भरून बसलो आहे. रफीकच्या दुकानातल्या चहातून दूध अंतर्धान पावलं आहे. आज सलग तिसरा दिवस.

गेली बावीस वर्षं मी सकाळी एस.टी. स्टँडवर पेपरांचा गठ्ठा उतरवून घेतो, रफीकच्या दुकानात एखाद्या नव्या कोऱ्या पत्र्याच्या पेटीवर बैठक मारतो आणि आतून नूरबीभाभींनी पाठवलेला, साय तरंगणारा चहा पितो. एवढ्या वहिवाटीवर कुळाला जमीनसुद्धा मिळते. मला बशीत काळं पाणी मिळालं. त्यात लिंबाची फोडही नव्हती. विचारणा केली, तर रफीक म्हणाला, "पित्ताला चांगला असतो, शास्त्रीजी." मी म्हटलं, पित्त माझं आहे, आणि शास्त्रात त्यावर दूधच सांगितलेलं आहे. एरवी यावर अर्धा तास वाद झाला असता. तो हसलासुद्धा नाही. हातोडी घेऊन पत्र्याची कड वळवू लागला. त्या आवाजात शास्त्रार्थ होत नाही.

घरी येऊन हिला सांगितलं. ही म्हणाली, "दूध नसेल त्यांच्याकडे." बायकांना प्रत्येक गोष्टीचं इतकं साधं कारण कसं सुचतं, हा एक स्वतंत्र विषय आहे.

७ ऑगस्ट

चहाची स्थिती जैसे थे. मन रमवायला जुनी कात्रणं लावत बसलो होतो, तर जूनमधली माझीच बातमी हाती आली: "जव्हारच्या कन्येला गणित शिक्षिकेचा मान. दरमहा चार हजार मानधन." दोन कॉलम, फोटोसह. ही कन्या म्हणजे रफीकची एकुलती एक मुलगी, रुमाना. बी.एस्सी. गणित, वर बी.एड. यंदाच्या जूनपासून खोडाळ्याकडच्या डोंगरदीप मंडळाच्या शाळेत शिकवते. मंडळाचे सेक्रेटरी हेमराजभाऊ, यांच्याकडे शब्द मी टाकला होता. एक पैसा देणगी न घेता त्यांनी तिला घेतलं. शाळेला अनुदान नाही, आज ना उद्या मिळेल, पण भाऊ फोनवर म्हणाले, "चार हजार लिहा, शास्त्रीबुवा." लिहिले.

मला त्या आकड्याचा आनंद होण्याचं कारण वेगळं होतं. चार वर्षांपूर्वी, पोरगी बारावीला गणितात पंच्याण्णव घेऊन आली तेव्हा, रफीकने मला दुकानात बसवून विचारलं होतं, की गणिताची पदवी परवडते का? नाशिकला ठेवायचं, चार वर्षं, छत्तीस हजार लागणार. तेवढे त्यांच्या जमातीच्या फंडातून मिळत होते. बिनव्याजी, मुदस्सरभाईंच्या शब्दावर. अट एकच: कमाई सुरू झाली की पगाराचा चौथा हिस्सा दरमहा परत. मी कागद मागितला. रफीक म्हणाला, कागद हरवतो. तिच्यासाठी केलेली हॉस्टेलची पेटी पुढे सरकवली आणि लाल ऑइलपेंटचा डबा दिला. झाकणाच्या आतल्या बाजूला मी दोन रकाने आखले, एकावर 'ऋण' लिहिलं, दुसऱ्यावर 'धन', आणि सगळा हिशेब मांडला. पगार अंदाजे चार हजार. चौथा हिस्सा एक हजार. छत्तीस महिन्यांत फेड, पुढे आयुष्यभर धनच धन. रफीकने ते झाकण वाळेपर्यंत उन्हात उभं करून ठेवलं होतं. येणारा-जाणारा वाचायचा.

यंदा जूनमध्ये भाऊंनी नेमका तोच आकडा उच्चारला, त्या क्षणी मला काय वाटलं असेल? पंचांगकर्त्यालासुद्धा इतकं अचूक भाकीत साधत नाही.

१७ ऑगस्ट, रविवार

रुमाना आली होती. आठवडाभर तिकडेच एका बाईकडे खोली घेऊन राहते, शनिवारी येते. वाळली आहे. म्हटलं, "मास्तरीणबाई, पहिल्या पगाराचे पेढे अजून हवेतच आहेत." ती म्हणाली, "देईन की, शास्त्रीकाका." मग ही आत गेल्यावर तिने एक चमत्कारिक प्रश्न विचारला, की पेपरात छापलेलं मागे घेता येतं का?

माझा आवडता विषय. मी सविस्तर सांगितलं, की मागे घेता येत नाही, पण शुद्धिपत्र देता येतं. ते कसं लिहावं, किती ओळींचं असावं, आतल्या पानावर कुठल्या कोपऱ्यात येतं, आणि मुख्य म्हणजे मूळ बातमीत वस्तुस्थितीची चूक असल्याशिवाय ते देता येत नाही. बावीस वर्षांत माझ्या बातमीवर एकही शुद्धिपत्र आलेलं नाही, हेही सांगितलं.

"चूक कुणी सांगायची असते?" तिने विचारलं.

"ज्याला माहीत असेल त्याने."

ती पदर सावरून उठली. लहानपणी ही पोरगी अशी नव्हती. दहा वर्षांची असताना मी तिला जुन्या गणितातला नियम सांगितला होता, की शून्यातून ऋण वजा केलं की धन होतं. तिने तिथल्या तिथे विचारलं होतं, "म्हणजे कुणाचं कर्ज काढून टाकलं, तर त्याला पैसे दिल्यासारखंच?" आता पेढ्यांचं विचारलं तरी खाली बघते. नोकरी लागली की माणसं बदलतात.

२९ ऑगस्ट

मुदस्सरभाईंनी रस्त्यात थांबवून पाठ थोपटली. त्यांचं लाकडाचं दुकान आहे आणि फंडाची वहीही त्यांच्याकडेच असते. म्हणाले, तुमच्या पेपराने आमचं काम सोपं केलं. पूर्वी पोराला नोकरी लागली की पगार किती, हे काढता काढता वर्ष जायचं. तुमचं कात्रण मी वहीत चिकटवलंय. बैठकीत वाचून दाखवलं. हप्ता एक हजार, जुलैपासून, बिनबोभाट येतो. "पण एक बोलू, शास्त्रीजी? चार हजार घरात येतात, आणि रफीक म्हणतो तंगी आहे. पोरगी पैसे कुठे घालवते, लोक विचारतात."

मी म्हटलं, तरुण वय आहे. असं मी का म्हणालो, कोण जाणे. वाक्य तयार होतं, बाहेर पडलं.

१२ सप्टेंबर

डोंगरदीप मंडळाच्या वर्धापनदिनाची पुरवणी निघाली. पूर्ण पान जाहिरात, बारा हजार. वार्ताहराला शेकडा पंधरा. म्हणजे माझे अठराशे. आम्हाला पगार नसतो, हे वाचकांना ठाऊक नसतं; आम्ही बातमीवर जगत नाही, जाहिरातीवर जगतो. अग्रलेख मात्र निर्भीड असतो.

या अठराशेचं मी काय केलं? वर्षभर छळणारी उजवी दाढ. नाशिकला जाऊन तिच्यावर टोपी बसवून घेतली. आता सुपारी फोडता येते. हिला म्हटलं, माझ्या तोंडात आता एक तरी किमती गोष्ट आहे.

२१ सप्टेंबर

नूरबीभाभींच्या दोन्ही शेळ्या दिसल्या नाहीत. विचारलं, तर रफीक म्हणाला, विकल्या, चारायला कोण नेणार. रुमाना आजही घरी आली नाही. एस.टी.चं भाडं वाचवते म्हणे. चार हजारवाली भाडं वाचवते. मी गंमत म्हणून तसं म्हटलं, तर रफीक माझ्याकडे बघत राहिला. बावीस वर्षांत त्याने माझ्याकडे असं बघितलेलं मला आठवत नाही. काळा चहा अर्धा ठेवून उठलो. मैत्रीत काहीतरी लपवलं जातंय, आणि लपवणारा मी नाही, एवढं नक्की.

३ ऑक्टोबर, रात्री

खोडाळ्याला भातावरच्या रोगाची बातमी करायला गेलो होतो. शेतं पाहून झाली, परतीच्या गाडीला दोन तास होते, आणि पाऊस जाता जाता एकदा झोडपून घेत होता. म्हटलं, रुमाना कुठे राहते ते बघावं. शाळेत स्वयंपाक करणाऱ्या फागीकडे तिची खोली आहे. फागी घरी होती. "बाय शाळंत हाय. बसा तुमी, भिजलाव," म्हणाली आणि घोंगडी टाकली. खोलीत एक बाज, एक दोरी, आणि पेटी. ओलीने कपड्यांना वास येतो म्हणून फागीने पेटी उघडी ठेवली होती. झाकण भिंतीला टेकलेलं.

माझा लाल हिशेब तिथे होता. अक्षर अजून झकास. त्याखाली, कंपासपेटीतल्या कर्कटकाच्या टोकाने रंग खरवडून, दुसरा हिशेब लिहिलेला होता. बारीक, सरळ ओळीत, जशी ती फळ्यावर लिहीत असेल. उतरवून घेतला, तो असा:

सही ४०००
हाती १६००
जमात १०००
खोली २००
एस.टी. १६०
उरले २४०
दिवसाला ८

त्याच्या खाली छत्तीस उभ्या रेघा. तीनांवर आडवी रेघ मारलेली.

मी फागीला विचारलं, सही चारची आणि हाती सोळाशे, हे काय? तिला मी बातमीदार आहे हे माहीत होतं की नाही, कळलं नाही. तिने हवापाण्यासारखं सांगितलं. "पगाराच्या दिशी चहा मीच नेते ना आत. समदे सह्या करतात, पैसं मोजतात, न् मंग त्याच टेबलावर भाऊंच्या मानसाला परत मोजून देतात. शाळंच्या इमारतीला म्हनं. मी बी देते. माझा अंगठा बाराशेला, हातात पाचशे. अंगठ्याला कुठं आकडा दिसतो?"

"बाई काही बोलत नाही?"

"पैल्या दिशी बोलली ना. तवा भाऊंनी पेपर दावला तिला. म्हनलं, तुज्या घरच्या मानसानंच छापलंय, चार म्हनून. मंग गप झाली."

पाऊस थांबला होता. फागीने चहा केला. काळा. प्यायलो.

५ ऑक्टोबर, दसरा

काल दिवसभर काही लिहिलं नाही. ताप असल्याचं घरी सांगितलं.

आज सीमोल्लंघनाला भाऊ भेटले. मनात वाक्यं जुळवून गेलो होतो, एक तर चक्क अनुष्टुभात बसत होतं. भाऊंनी आपट्याची पानं हातावर ठेवली, गळाभेट घेतली आणि म्हणाले, "शास्त्रीबुवा, दिवाळीलाही पान आपलंच धरा हं. यंदा रंगीत." मी म्हणालो, "सोन्यासारखे राहा." पद्धतच आहे तशी.

८ ऑक्टोबर

रफीकला विचारलं. विचारलं म्हणजे भांडलो. मला विश्वासघात सहन होत नाही आणि तो मित्राने केलेला तर मुळीच नाही. बावीस वर्षं एका कपातून प्यायलो, आणि माझ्यापासून हे दडवलंस? माझ्या लेखणीत एवढी ताकद असताना तू मला काळं पाणी पाजत राहिलास आणि पित्ताचं कारण सांगितलंस?

रफीकने कातर खाली ठेवली. दरवर्षी त्याला मिळणारी पंधरा पेट्यांची ऑर्डर यंदा ठाण्याच्या कारखान्याला गेली, हे मला आजच कळलं. दुकानात एकच पेटी होती, जिच्यावर मी बसलो होतो. तो सावकाश बोलला.

"पोरगी पहिल्या महिन्यात रडत आली. मी म्हटलं, मुदस्सरभाईला जाऊन सांगतो, हाती सोळाशेच येतात, चौथा हिस्सा चारशेच घ्या. गेलो पण. त्याने वही उघडली. वहीत तुमचा पेपर. म्हणाला, रफीक, शास्त्रीजी खोटं छापतील का? आता मी काय बोलू? 'हो' बोललो, तर तुम्ही खोटे. 'नाही' बोललो, तर माझी पोरगी खोटी." मग कातर परत उचलत म्हणाला, "मी 'नाही' बोललो."

मी म्हटलं, "मला येऊन सांगायचं."

याचं उत्तर आतून आलं. नूरबीभाभी माझ्याशी बावीस वर्षांत पडद्याआडून दहा वाक्यंही बोलल्या नसतील. आज एक बोलल्या. "तुम्हाला कोणी सांगायला लागतं, शास्त्रीजी? तुम्ही तर पेपरवाले."

आवाजात राग नव्हता. असता, तर बरं झालं असतं.

१२ ऑक्टोबर, रविवार

रुमाना स्वतःहून आली. माझी समजूत घालायला आली असावी, असं मला वाटलं. तसं नव्हतं. वही घेऊन आली होती.

तिचं म्हणणं नीट लिहून ठेवतो. दिवाळीच्या सुट्टीनंतर ती शाळेत जाणार नाही. जव्हारात आठवी ते दहावीच्या शिकवण्या घेईल. बारा मुलं तयार आहेत, महिना नव्वद रुपये, म्हणजे एक हजार ऐंशी. खोली नाही, एस.टी. नाही. घरचं जेवण. हप्ता पगाराच्या चौथ्या हिश्श्याने दोनशे सत्तर बसला, तर हाती आठशे दहा उरतात. उरलेल्या फेडीला दहा वर्षं लागतील, पण रोजचे आठ रुपये सत्तावीस होतात. नोकरी सोडणं फायद्याचं आहे. मी आकडे तपासले. एकही चूक नाही. पदवी खरी आहे.

"मग अडलं कुठे?" मी विचारलं.

"लोक म्हणतील, चार हजारांची नोकरी सोडली. फंडवाले म्हणतील, हप्ता चुकवायला सोडली. बाबांना बैठकीत उभं करतील. आणि पुढच्या मुलीला फंड देताना माझं नाव काढतील." मग वही मिटून म्हणाली, "शास्त्रीकाका, तुम्ही म्हणाला होता, चूक ज्याला माहीत असेल त्याने सांगायची. मी सांगते. हाती सोळाशे येतात. आता छापा."

मी म्हटलं, भाऊ तुझा अनुभवाचा दाखला अडवतील. म्हणाली, चार महिन्यांचा दाखला, तो हिशेबात धरलाच नाही. मी म्हटलं, पुरावा लागेल. म्हणाली, मी सही करून देते. सह्या करायची सवय झालीय. मी म्हटलं, बघतो.

ती "बघतो" या शब्दाकडे लहानपणी एखाद्या चुकलेल्या उदाहरणाकडे बघायची तसं बघत राहिली. जाताना खाकी पिशवीतून एक पुडी काढून टेबलावर ठेवली. पेढे होते. चार.

१५ ऑक्टोबर

शुद्धिपत्र लिहिलं. पाच ओळी. "दि. अमुकच्या अंकात कु. रुमाना यांच्या मानधनाचा आकडा संस्थेने सांगितल्याप्रमाणे चार हजार छापला गेला. त्यांच्या हाती प्रत्यक्षात सोळाशे रुपये पडतात. वार्ताहराने खातरजमा केलेली नव्हती. चुकीबद्दल दिलगीर आहोत." बावीस वर्षांत इतकं निर्दोष गद्य मी लिहिलेलं नाही. हिला वाचून दाखवलं. ही म्हणाली, "पाठवा मग."

भाऊंचा माणूस येऊन गेला. रंगीत पानाचा मजकूर देऊन गेला. पान अठरा हजारांचं.

१७ ऑक्टोबर

दोन वाजताच्या ठाणे गाडीच्या कंडक्टरकडे आम्ही बातमीचं पाकीट देतो. आज दोन पाकिटं घेऊन स्टँडवर गेलो. भातावरच्या रोगाच्या पुढच्या बातमीचं त्याला दिलं. दुसरं खिशात राहिलं. संपादक सुट्टीवर आहेत. शुद्धिपत्र रविवारच्या अंकात बरं दिसेल. शिवाय एका मुलीचा पगार असा चारचौघांत छापावा का, हा औचित्याचा प्रश्न आहे, तो आधी सोडवायला हवा. परत येईपर्यंत अशी सात कारणं झाली. मोजली मी.

येताना रफीकने हाक मारली. चहा दिला. आज त्यात दूध होतं. मी वर बघितलं, तर तो म्हणाला, "रुमाना बोलली, तुम्ही छापणार. नूरबी बोलली, मग शास्त्रीजींना दूध घाला." साय तरंगत होती. मी तो पूर्ण प्यायलो, आणि खिशातलं पाकीट त्या सगळ्या वेळात बरगडीला टोचत होतं.

आता विनोद पुरे. जमातीला काय वाटेल, भाऊ काय करतील, रंगीत पान हातचं जाईल का, यांतली कुठलीच माझी खरी काळजी नाही. जूनमध्ये भाऊ "लिहा" म्हणाले, तेव्हा "लिहितो, पण देता किती?" हा प्रश्न माझ्या तोंडात आला होता. आकडा माझ्या झाकणावरच्या आकड्याशी जुळत होता, म्हणून मी तो गिळला. मला फसवलं कुणीच नाही. मला तेव्हाच माहीत होतं.

आणि उद्या दोन वाजताही ते पाकीट माझ्याबरोबर घरी परत येईल, असं मला वाटतं.